संभाजीनगरात फ्लॅट घ्यायचाय? २५ लाखांचं गणित सही करण्याआधी मांडा

लासूर स्टेशन : कांद्याची पट्टी हातात पडली किंवा जमिनीचा एखादा तुकडा विकला, की घरात हमखास एक विषय निघतो. पोरांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट घ्यावा का? गंगापूर, वैजापूर तालुक्यातली कितीतरी मुलं छत्रपती संभाजीनगरात खोली करून राहतात. कोणाचा मुलगा वाळूजच्या कंपनीत आहे, कोणाची मुलगी कॉलेजला. भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरू, म्हणजे घर तरी आपलं होईल, असा हिशोब बहुतेक जण करतात. हा हिशोब चूक नाही, पण अर्धा आहे.

समजा, बजेट २५ लाखांचं आहे आणि बिल्डरही २५ लाखच सांगतोय. तरी तो फ्लॅट २५ लाखांत पडत नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावर १ टक्का अधिभार, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २५ हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. आपल्याकडे ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला तो १ टक्का लागतो, म्हणजे आणखी २५ हजार. हे झाले दोन लाख. पार्किंग, मीटर, सोसायटीची आगाऊ रक्कम आणि वकिलाची फी अजून बाकीच आहे.

हे दोन लाख बँक सहसा कर्जात धरत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. म्हणजे अडीच लाख पदरचे आणि वरचे दोन लाखही पदरचेच. साडेचार लाख रोख नसतील तर २५ लाखांचा फ्लॅट बघायला जाऊच नये, १८-२० लाखांचा बघावा. खरेदी फक्त बाईमाणसाच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. या उदाहरणात ते २५ हजार होतात. नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की सूट गेली.

आता हप्ता. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर महिन्याला साधारण १८ हजार रुपये. २० वर्षांत बँकेला ४३ लाखांच्या वर जातात. शेतकऱ्याची खरी अडचण मात्र आकड्यापेक्षा तारखेची आहे. कापसाचे पैसे दिवाळीच्या पुढेमागे येतात, उन्हाळी कांद्याचे त्यानंतर. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. पीक कर्जाची सवय झालेल्या माणसाची इथेच फसगत होते. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर एनपीएत जातं, घरकर्ज ९० दिवसांत. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते आणि कोर्टात दावा न लावता फ्लॅटचा ताबा घेऊन तो विकू शकते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, फ्लॅटला आहे. घरकर्जात माफीची वाट बघत बसता येत नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते आधीच बाजूला ठेवता येत असतील तरच पुढे जावं. घरात एक तरी महिन्याचा पगार असेल तर गोष्ट निराळी.

फ्लॅट किती मोठा, हे विचारताना सातबारा आठवावा. सातबाऱ्यावर पोटखराबा धरून एकूण क्षेत्र दिसतं, पेरायला मात्र लागवडीचंच मिळतं. फ्लॅटचंही तसंच. '८५० फूट' म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यात जिना, लिफ्ट, मोकळी जागा धरलेली असू शकते. आपल्या वापराची जागा म्हणजे कार्पेट. रेरा कायद्यानुसार विक्री कार्पेटवरच करायची असते आणि त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी धरत नाहीत. दोन फ्लॅटची तुलना करायची तर एकूण खर्चाला कार्पेटने भागावं. स्वस्त वाटलेला कधी कधी महाग निघतो.

कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नये, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ५१ हजार देऊन मोकळे होणारे कमी नाहीत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदवावाच लागतो. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड असणंही बंधनकारक आहे. मोबाईलने तो स्कॅन केला की बांधकाम कधी पूर्ण होणार, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, हे घरबसल्या दिसतं. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आधी पाच लाख भरा, करार नंतर बघू' असं कोणी म्हटलं तर उठून यावं.

संभाजीनगरात गुंठेवारीचा प्रश्न जुना आहे. एनए न करता पाडलेले प्लॉट आणि बॉण्डवर झालेले व्यवहार अनेक वसाहतींत आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. पण नियमित 'होईल' आणि नियमित 'झालंय' यात फार फरक आहे. नियमितीकरणाचा कागद हातात मागावा. सिडकोतल्या जुन्या घरांची जमीन बरेचदा लीजवर असते, तिथे हस्तांतरणाची परवानगी बघावी लागते. साधी कसोटी म्हणजे बँक. सरकारी बँक त्या फ्लॅटला कर्ज द्यायला कचरत असेल, तर आपणही थांबावं.

पाण्याचं काय? नाथसागर भरला तरी शहरात कित्येक भागांना पाणी चार-आठ दिवसांआड मिळत आलं आहे. नवीन जलवाहिनीचं पाणी आलं की सगळं सुरळीत होईल, असं एजंट सांगतो. येईल तेव्हा येईल, पैसे आज द्यायचे आहेत. शक्य असेल तर मे महिन्यात फ्लॅट बघावा. एजंटला नाही, त्याच बिल्डिंगमधल्या एखाद्या ताईंना विचारावं की टँकर आठवड्याला किती येतात आणि पट्टी किती भरावी लागते. सातारा-देवळाई असो, पडेगाव-मिटमिटा असो की वाळूजकडचा भाग, एकाच रस्त्यावरच्या दोन बिल्डिंगमध्येही उत्तर वेगळं मिळू शकतं. लासूरकरांना पडेगाव, तीसगावची बाजू जाण्यायेण्याला सोयीची वाटते. पण मुलीचं कॉलेज चिकलठाण्याकडे असेल तर रोज शहर ओलांडण्यात तिचा वेळ आणि रिक्षाचे पैसे जाणार.

तंग बजेटमध्ये दूरच्या नव्या टू-बीएचकेपेक्षा नळाची लाईन असलेला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला जुना वन-बीएचके बरा पडतो. त्याला जीएसटी नाही, ताब्याची वाट बघणं नाही, भिंतीची ओल डोळ्यांनी दिसते. मात्र सोसायटीची ना-हरकत, थकबाकी नसल्याचा दाखला, घरपट्टीची पावती, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च एवढं हवंच.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज अनुदानाबद्दलही गावात बोललं जातं. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पाच वार्षिक हप्त्यांत मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळू शकतं. मात्र देशात कुठेही पक्कं घर नावावर नसावं, गावातलंही नाही. मागच्या २० वर्षांत घरकुल घेतलेलं असेल तरी अर्ज बसत नाही. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब धरतात. त्यामुळे वाडा वडिलांच्या नावावर असला तरी लग्न झालेला मुलगा पात्र ठरू शकतो.

आणि मुलांचं शिक्षण चार-पाच वर्षांचंच असेल, नंतर तिथे कोणी राहणार नसेल, तर खोली भाड्याने घेतलेली परवडते. भाडं हप्त्यापेक्षा बरंच कमी असतं, आणि त्यासाठी एकर विकावा लागत नाही.