घरकुल बांधून झालं, आता आंगणाचं काय? जंगलपट्ट्यात घराभोवती काय लावावं, काय टाळावं

चंद्रपूर/गडचिरोली : घरकुलाचा शेवटचा फोटो निघतो, हप्ता खात्यात जमा होतो आणि बहुतेक ठिकाणी काम तिथंच थांबतं. 25 चौरस मीटरचं पक्कं घर उभं राहतं, पण त्याच्याभोवती उरलेल्या विटा, गिट्टीचा ढीग, सेंट्रिंगच्या फळ्या आणि दोन पावसांत वाढलेला तरोटा. पैसे घरातच संपतात, हे खरं आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांत घराभोवतीची जागा ही नुसती शोभेची गोष्ट नाही. उन्हाळ्यात घरात झोपायचं की बाहेर, हे बरंचसं त्या जागेवर ठरतं.

जुनं मातीचं कौलारू घर मे महिन्यातही त्यातल्या त्यात थंड राहायचं. आता स्लॅब आला. पारा 45 च्या वर गेला की स्लॅब आणि पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. मग खाटा आंगणात येतात, कुणी खालीच चटई टाकतं. मण्यार रात्रीच फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. चावा फारसा दुखत नाही, खूण नीट दिसत नाही, आणि पोटात दुखतंय म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. बिबट्या तर कुत्रा, शेळी, कोंबडीच्या मागे थेट गावात शिरतो.

इथंच खरी अडचण आहे. ऊन म्हणतं झाडं लावा, जंगल म्हणतं जागा मोकळी ठेवा. दोन्ही जमतं, फक्त कुठं काय लावायचं हे आधी ठरवावं लागतं.

सावली हवी ती पश्चिमेला. तिथं भिंतीपासून 15-20 फूट सोडून कडूनिंब लावा. झाड वाढेल तसे खालचे फाटे छाटत जा, म्हणजे सावली वर राहील आणि खालून आरपार दिसेल. वड, पिंपळ घराजवळ नकोच, मुळं पायव्यात जातात. निंब मोठा व्हायला काही वर्षं लागतील, तोवर आपला जुना मांडव आहेच. भिंतीपासून दोन-तीन हात अंतर ठेवून बांबूचा मांडव घाला आणि त्यावर दोडका, वाल, भोपळा चढवा. वेल स्लॅबला टेकू देऊ नका, साप त्यावरून वर जातो. हे वेल पावसाळ्याचे. उन्हाळ्यात त्याच मांडवावर फांद्या किंवा जुनी ताडपत्री टाकली तरी भिंत कमी तापते.

अलीकडे नर्सरीतून उंच अशोकाची रोपं आणून दारापुढे रांगेत लावायची फॅशन आहे. त्याची ना धड सावली, ना फळ. ज्याची त्याची आवड.

घराच्या चारही बाजूंनी निदान 10 फूट पट्टा मोकळा असावा. मुरूम टाका किंवा सारवून घ्या. आपल्या आया-आज्या रोज सडा-सारवण करत, त्याचा उपयोग स्वच्छतेपुरता नव्हता. झाडलेल्या आंगणात साप लांबून दिसतो आणि रात्री कोण येऊन गेलं, ते सकाळी पावलांवरून कळतं. 2022 मध्ये चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हा वस्तीलगत वाढलेल्या झुडपांचाच प्रश्न पुढे आला होता. तो भाग तर शहराला चिकटलेला आहे. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीतल्या जंगलाकाठच्या गावांचं वेगळं सांगायला नको. बिबट्या वस्तीत दिसला तर स्वतः मागे लागू नका, वन विभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.

कुंपणाला मेहंदीची दाट रांग लावण्यापेक्षा बांबूचे ताटवे बरे, आणि त्याच्या बुडाशी गवत वाढू देऊ नये. कुंपणात जिवंत वीज सोडणं हा गुन्हा आहेच. त्यानं जनावरं मेली आहेत, तशी माणसंही मेली आहेत.

तणसाचा ढीग आणि सरपण भिंतीला टेकवून ठेवायची सवय मोडायला हवी. तिथं उंदीर येतात आणि उंदरामागे साप. सरपण जमिनीपासून हातभर उंच माचीवर ठेवा. शेळ्यांचा कोठा घरातून दिसेल इतक्या अंतरावर असावा, आणि रात्री पक्का बंद.

शौचालयाचंही बघा. 12 हजारांच्या अनुदानातून ते बांधलं जातं, पण जागा बहुधा सांदवाडीच्या पार टोकाला. पहाटे अंधारात गवतातून जावं लागत असेल, तर उघड्यावर जाण्यात आणि त्यात फरक काय राहिला? दार घराच्या दिशेनं ठेवा, वाट साफ ठेवा, एक बल्ब लावा.

पाण्याचा उतार घरापासून बाहेर हवा, पहिल्या 10 फुटांत 6 इंच तरी. न्हाणीचं पाणी साचू देऊ नका, शोषखड्ड्यात सोडा. साचलेलं पाणी म्हणजे डास, आणि राज्यात हिवतापाचा मोठा भार असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे.

एरवी न्हाणीच्या पाण्यावर केळी लावा असं कुणीही सांगेल. पण ऑक्टोबर 2021 पासून छत्तीसगडातून रानटी हत्ती गडचिरोलीत आले आहेत. कोरची, कुरखेडा, धानोरा, आरमोरीकडच्या गावांत केळीचं बेट घराला लागून नको. धान आणि मोहफूल साठवलेल्या खोल्यांच्या भिंती हत्तींनी पाडल्या आहेत. मोहाचं झाड दारात आधीपासून असेल तर ते कुणी तोडणार नाही, तोडूही नये. फक्त मार्च-एप्रिलमध्ये फुलं रोज वेचून खालची जागा साफ ठेवा, अस्वल त्यासाठीच येतं.

फळाला लिंबू, जांब, पपई लावा. मुंगणा आणि गोडनिंब तर हवेच. मुंगण्याचं लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्यानं फांदी पडते, म्हणून तो टिनाच्या छपरापासून दूर लावा. खड्डे मे महिन्यात खोदून तापू द्या, रोपं पहिला जोरदार पाऊस झाल्यावर.

हातात पैसा नसेल तर सुरुवात उरलेल्या सामानापासूनच करा. फुटक्या विटा आणि गिट्टी शोषखड्डा भरायला लागतेच, साबूत विटा भाजीच्या वाफ्याच्या कडेला लागतात. ढीग उचलताना मात्र हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, आणि हे काम उजेडातच करा.