वाचनाची गोडी : अडतं कुठे, सुटतं कसं

पाचवीतलं मूल पुस्तक दिसलं की टाळाटाळ करतं, तेव्हा ‘त्याला वाचनाची आवडच नाही’ असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. बहुतेक वेळा त्याला वाचायला जमत नसतं आणि चारचौघांत अडखळायची लाज वाटत असते. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. उरलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना वाचनाचं महत्त्व सांगून काय होणार? त्यांचं अडतं कुठे, ते आधी पाहायला हवं.

‘असर’चीच पद्धत त्यासाठी पुरते. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, छोटा परिच्छेद आणि एक लहानशी गोष्ट. मुलाला शेजारी बसवून वाचायला सांगायचं. पाच-दहा मिनिटांत अंदाज येतो. मात्र हे एकट्याला बसवूनच करायचं, वर्गासमोर उभं करून नाही.

आणि नीट कान देऊन ऐकायचं. समजा, समोर ‘सरपण’ हा शब्द आहे. मूल म्हणतं, ‘स... र... प... ण...’ चारही अक्षरं बरोबर! पण बोलताना आपण म्हणतो ‘सर्पण्’. मुलाने प्रत्येक अक्षर ‘अ’ लावून सुटं म्हटलेलं असतं, त्यामुळे रोज आईबरोबर गोळा केलेलं सरपण त्याला या चार आवाजांत ओळखूच येत नाही. इथे ‘पुन्हा वाच’ म्हणून दटावण्यात अर्थ नाही. ‘जरा भरभर म्हण. चुलीत घालतो ते काय रे?’ एवढं विचारलं की शब्द सापडतो आणि चेहरा खुलतो. त्यात पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. ‘र’ तर ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ यांत चार वेगवेगळी रूपं घेतो. ‘विहिरीवरच्या’ असा लांब शब्द आला की शेवटापर्यंत पोचताना सुरुवात विसरलेली असते. सगळं लक्ष अक्षरं ओळखण्यात संपतं, अर्थासाठी काही उरत नाही. आणि अर्थच लागत नसेल तर मजा कुठून येणार?

म्हणून इयत्ता बाजूला ठेवून रोज काही वेळ मुलांचे पातळीप्रमाणे गट करावेत. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत देशभर नेली. अक्षरांवर अडलेल्या मुलांना ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत थांबवून ठेवू नये. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, लाल, कमान, कमाल असे कितीतरी शब्द होतात. आपण खरंच वाचतोय, हा अनुभव पहिल्या काही दिवसांतच आला पाहिजे.

याहून परिणामकारक आहे ते मुलाच्याच तोंडचं वाक्य. ‘काल आमची शेळी व्याली. दोन करडं झाली.’ मूल सांगेल तसं शिक्षकांनी मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायचं आणि बोट ठेवत त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं. अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे निम्मं ओझं उतरतं. घरी अहिराणी, पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाचं वाक्य त्याच्याच बोलीत लिहावं. प्रमाण मराठीकडे नंतर जाता येतं.

दुसरीकडे रोज एक गोष्ट वाचून दाखवावी. यात खंड पडू देऊ नये. जे मूल एक ओळ वाचू शकत नाही, त्याला ऐकलेली मोठी गोष्ट उत्तम समजते. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ लहानांना ऐकवून पाहा. वाचून झालेलं पुस्तक हाताशी ठेवलं की मुलं तेच उचलतात आणि अर्धं आठवणीने, अर्धं अक्षरं पाहून वाचतात. ‘पाठ केलंय, वाचत नाही’ म्हणून त्यांना अडवू नका. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ येतो. ‘घरी गेला’चं ‘घरात गेला’ झालं तरी सोडून द्या. अर्थ बिघडला तरच थांबवा, तेही थोडा वेळ वाट पाहून.

मोठ्या मुलांच्या हाती बालवाडीची पुस्तकं देणं मला अपमानकारक वाटतं. मजकूर थोडा असावा, पण विषय त्यांच्या वयाचा : क्रिकेट, विंचू, ट्रॅक्टर, भुताची गोष्ट. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातली कोडी-विनोद चालतील. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेली मराठी पुस्तकं फुकट मिळतात. निवड मुलाला करू द्या. नावडलेलं पुस्तक अर्ध्यावर ठेवू द्या. वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नका. तो धाक बसला की पुढचं पुस्तक उचललंच जात नाही.

पुस्तकं फाटतील म्हणून कपाटाला कुलूप लावू नका, वर्गात दोरी बांधून त्यावर टांगा. घरी आईवडिलांना वाचता येत नसलं तरी ‘आज काय वाचलंस, मला ऐकव’ म्हणता येतं, आणि ते जरूर म्हणावं. वाचता येणाऱ्या प्रत्येकाने गावातल्या शाळेत आठवड्यातून एक तास मागून घ्यावा आणि अडखळणाऱ्या एखाद्या मुलाशेजारी पुस्तक घेऊन बसावं.