औषध बदलण्यापूर्वी विषाणूची परीक्षा

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील गाव. अशा गावांत दुकान एक दिवस बंद राहिले तरी चार जण विचारणा करतात. त्यामुळे एच.आय.व्ही.चे निदान झालेल्या माणसाला आजाराइतकीच गावातील चर्चेची भीती वाटते. जवळच्या शासकीय केंद्रात कोणी ओळखीचे भेटेल या धास्तीने रुग्ण दूरच्या शहरातील खाजगी दवाखाना गाठतो. प्रवास लांबतो, औषध मध्येच संपते, डॉक्टर बदलतात आणि जुने कागद घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून फाडले जातात.

उपचाराची मोठी हानी नेमकी येथे होते. चालू औषध निष्प्रभ ठरू लागले की पुढचे कोणते द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. उत्तर केवळ अंदाजाने दिले आणि ते चुकले, तर हाती असलेल्या मोजक्या औषधांपैकी आणखी एक वाया जाते. हा निर्णय पुराव्यावर घेता यावा, यासाठी औषधप्रतिरोध चाचणी उपलब्ध आहे.

औषध निष्प्रभ का होते?

उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणुकण तयार होतात. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो. त्यांतील बहुतेक चुका निरर्थक असतात. परंतु एखाद्या चुकीमुळे विषाणूचे रूप असे बदलते की औषधाला त्याच्यावर पकड मिळत नाही. तीन औषधे एकत्र आणि नियमित घेतली, तर एकाच विषाणूला तिन्हींपासून एकाच वेळी सुटका मिळणे अतिशय कठीण असते. गोळ्या वारंवार चुकल्या की रक्तातील औषधाचे प्रमाण घटते. ते विषाणूला रोखण्यास अपुरे पडते. मात्र प्रतिरोधक विषाणूंना निवडून वाढू देण्यास पुरेसे असते.

रुग्णाला प्रारंभी याची जाणीव होत नाही. वजन, भूक व कामाची शक्ती पूर्ववत असते. बिघाड प्रथम दिसतो तो व्हायरल लोड चाचणीत, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या मोजणीत. राष्ट्रीय कार्यक्रमात ही चाचणी २०१८ पासून नियमित स्वरूपात सुरू झाली. एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या १,००० हून अधिक प्रती आढळल्या, तर आधी गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हे तपासले जाते. समुपदेशनानंतर सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा होते. एवढ्यावरच अनेकांचा विषाणू आटोक्यात येतो. गोळ्या नियमित घेऊनही तो उतरला नाही, तर मात्र प्रतिरोधाचा संशय बळावतो.

चाचणी काय सांगते?

या चाचणीसाठी रुग्णाच्या रक्तातील विषाणूचे जनुकीय द्रव्य वेगळे काढून वाढवले जाते व अक्षरश: वाचले जाते. कोणत्या स्थानी कोणता बदल झाला आहे, हे पाहून कोणते औषध चालेल आणि कोणते चालणार नाही, याचा निष्कर्ष काढतात. पुण्यातील भोसरी येथे १९९२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्थापन केलेली आणि ‘नारी’ या नावाने परिचित असलेली संस्था या कामात अग्रेसर राहिली आहे. अनेक खाजगी प्रयोगशाळाही ही चाचणी करतात. तेथे खर्च काही हजार रुपयांचा असतो.

अहवालातील खुणा सांकेतिक असतात. ‘के१०३एन’ हा एकच बदल नेव्हिरॅपिन आणि एफाव्हिरेंझ या दोन्ही औषधांना निकामी करतो. म्हणजे पहिले चालेनासे झाल्यावर दुसरे देणे व्यर्थ ठरते. ‘के६५आर’ बदलामुळे टेनोफोविर दुबळे होते, पण झिडोव्हुडिन उपयोगी राहते. ‘एम१८४व्ही’ बदल लॅमिव्हुडिनला रोखतो. मात्र त्यामुळे विषाणू स्वतःही अशक्त होतो. म्हणून काही वेळा तज्ज्ञ हे औषध जाणीवपूर्वक चालू ठेवतात. अहवाल हाती आला तरी स्वतःच अर्थ लावून गोळी बंद करणे का धोक्याचे, हे यावरून ध्यानात यावे.

केव्हा करावी?

ही चाचणी चालू औषध घेत असतानाच करावयाची असते. औषध बंद करून चार आठवड्यांहून अधिक काळ लोटला, तर मूळ विषाणू पुन्हा वाढतो आणि प्रतिरोधक विषाणू त्याच्या आड दडतो. अहवाल निर्दोष दिसतो, पण औषध पुन्हा सुरू होताच दडलेला शत्रू डोके वर काढतो. शिवाय रक्तात ज्या विषाणूंचा वाटा सुमारे २० टक्क्यांहून कमी असतो, ते नेहमीच्या चाचणीत बहुधा दिसत नाहीत. म्हणून नव्या अहवालाइतकेच जुन्या औषधांच्या नोंदींना मोल आहे. मागील खतावणी न पाहता कोणताही व्यापारी हिशेब मिटवीत नाही. येथेही तोच न्याय लागू पडतो.

शासकीय व्यवस्था

भारतात १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी उपचार सुरू झाले. पहिली औषधे निष्प्रभ ठरलेल्यांसाठी दुसऱ्या टप्प्याची मोफत औषधे जानेवारी २००८ मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईचे तांबरम येथे मिळू लागली. आज टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी हा उपचाराचा मुख्य आधार आहे. डोल्युटेग्राव्हिर इतके भक्कम आहे की सोबतच्या औषधांना प्रतिरोध असतानाही ते बहुतेकांत प्रभावी ठरल्याचे आफ्रिकेतील ‘नादिया’ अभ्यासाने २०२१ मध्ये दाखविले. त्यामुळे प्रत्येक रुग्णाला जनुकीय चाचणीची गरज नसते.

तथापि निश्चिंत राहण्याजोगी स्थिती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात डोल्युटेग्राव्हिरला प्रतिरोधाचे प्रमाण विविध पाहण्यांत ३.९ ते ८.६ टक्के नोंदविले गेले. हे औषध घेऊनही विषाणू वाढत असेल, तर पुढचे पाऊल तज्ज्ञांच्या विचारानेच टाकावे.

उपवास, चौविहार आणि गोळी

जैन कुटुंबांत एक प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. पूर्वीच्या अनेक औषधांचा दुसरा डोस रात्री घ्यावा लागे आणि चौविहार पाळणाऱ्यास ते अडचणीचे होई. डोल्युटेग्राव्हिरची एकत्रित गोळी सामान्यतः दिवसातून एकदाच घ्यावयाची असते. ती जेवणासह वा रिकाम्या पोटी चालते; म्हणून सूर्यास्तापूर्वीची एखादी निश्चित वेळ ठरविता येते. ज्यांना दोन वेळा औषध दिले आहे, त्यांनी वेळापत्रक डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. रिकाम्या पोटी कॅल्शियम, लोह वा आम्लपित्ताची औषधे घ्यावयाची असल्यास त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ही गोळी घ्यावी.

तिविहार उपवासात पाण्याबरोबर गोळी घेता येते. अठाईसारख्या दीर्घ तपापूर्वी मात्र डॉक्टर आणि गुरुजन या दोघांशी मोकळेपणाने बोलावे. आठ दिवस न कळविता चुकविलेल्या गोळ्या प्रतिरोधाला वाट करून देऊ शकतात.

गुप्ततेचा अधिकार

आजार लपविण्याच्या धडपडीत उपचार सुटू नयेत, यासाठी कायदा रुग्णाच्या पाठीशी आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विहित अपवाद वगळता संमतीविना चाचणी करण्यास आणि रुग्णाची स्थिती उघड करण्यास तो मनाई करतो. नोकरी, शिक्षण आणि उपचार यांत भेदभाव करणेही त्याने निषिद्ध ठरविले आहे. १०९७ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

नियमित उपचारांनी व्हायरल लोड चाचणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. पुण्याचाही सहभाग असलेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०११ साली या दिशेचा ठोस पुरावा दिला. म्हणून योग्य औषधाची निवड संपूर्ण घराच्या स्वास्थ्याशी जोडलेली आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी कागद फाडण्याऐवजी ते जपून ठेवण्यास साहाय्य केले, दूषणे देण्याऐवजी गोळीची वेळ पाळण्यास आधार दिला, तर डॉक्टरांना अंदाजावर विसंबावे लागणार नाही आणि रुग्णाच्या वाट्याची औषधे दीर्घकाळ त्याच्या उपयोगी पडतील.