ओढदोरीचा कच्चा दुवा

वाऱ्यावर नीट उभा असलेला पतंग एकाएकी एका अंगाला कलतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. पोरगं घाबरून मांजा खेचतं, आणि जितकं खेचावं तितक्या वेगाने पतंग गोता खाऊन जमिनीवर आपटतो. आता त्या पतंगाखाली माणूस टांगलेला आहे, अशी कल्पना करा.

अशा माणूस नेणाऱ्या पंखाला हँग ग्लायडर म्हणतात. अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर कापड ताणलेले असते. खाली पट्ट्यांनी लटकलेला चालक समोरचा आडवा दांडा धरून अंग इकडेतिकडे सरकवतो व पंख वळवतो. एरवी डोंगरउतारावरून धावत जाऊन उडायचे; पण सपाट मुलखात पंख दोरीने ओढूनच वर न्यावा लागतो. १९६३ साली ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन येथे जॉन डिकन्सन यांचा पंख मोटारबोटीमागेच उडाला. पुढे दोर गुंडाळणारी यंत्रे आणि हलकी विमानेही या कामी आली.

ओढताना पंख फार कलला, की दोरीचा ताण त्याला सावरण्याऐवजी आणखी कलवतो. याला लॉकआउट म्हणतात. मग अंग कितीही सरकवा, उपयोग नाही. दोरी सोडलीच पाहिजे. आणि गोम इथेच आहे बरं का! पुष्कळ जुळण्यांत दोरी सोडायला एक हात दांड्यावरून काढावा लागतो, तोही नेमका दोन्ही हात पुरत नाहीत तेव्हा.

म्हणून दोरीत मुद्दाम एक कच्चा दुवा घालतात. त्याला वीक लिंक म्हणतात. घरातल्या फ्यूजसारखा तो जास्त ताण आला की तुटतो. वाद पेटला आहे तो यावरून. काहींच्या मते दुवा जितका कच्चा तितका चालक सुरक्षित. दुसरे म्हणतात, दुवा आहे तो पंखावर बेसुमार भार येऊ नये म्हणून. माणसाला लॉकआउटमधून सोडवणे हे त्याचे कामच नव्हे. मला हे दुसरे म्हणणे पटते. पंख आडवा होईपर्यंतही ताण दुवा तुटण्याइतका वाढेलच असे नाही. उलट नाक वर करून चढताना दुवा अवेळी तुटला, तर वेग मरतो, नाक खाली पडते, आणि जमीन जवळ असली तर सावरायला जागा उरत नाही. अमेरिकेच्या नियमात दुव्याचे बळ उडत्या वजनाच्या ८० टक्क्यांपासून दुपटीपर्यंत सांगितले आहे. हा हिशेब भाराचा आहे, कलण्याचा नव्हे.

निकाल लागायचा तो अपघातांच्या हकीकतींवरून. उंची किती होती? दुवा केवढ्या बळाचा? हात कळीपर्यंत पोचला का? पण अमेरिकेत १९८२ च्या नियमांप्रमाणे या पंखांना नोंदणी लागत नाही, आणि विमान-अपघातांसारखी सरकारी चौकशी सहसा होत नाही. हकीकत जाते चालकांच्या संघटनेकडे. तेथे कोर्टकचेरीची धास्ती असते, मृताच्या घरच्यांची भीडही असते. मग बाहेर येते ते पुष्कळदा एवढेच, की चालकाची चूक झाली. शिक्षक मंडळींना ही तऱ्हा ठाऊक आहे: मुलगा नापास का झाला, तर म्हणे अभ्यास केला नाही!

सगळे जाहीर करा म्हटले, तर लोक कळवायचेच थांबतील, ही शंकाही खोटी नाही. त्यावर तोड मात्र विमानवाल्यांनी काढलेली आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून थोडक्यात टळलेल्या संकटांच्या हकीकती घेते, नावगाव काढून टाकते, आणि मजकूर सर्वांना वाचायला देते. हँग ग्लायडरच्या बाबतीतही लॉकआउटमधून वाचलेला माणूस असतोच. दोरी त्याने कोणत्या उंचीवर सोडली आणि कोणत्या हाताने, हे सांगू शकणारा तोच असतो.