सुख समोर आलं, की आपण काय करतो?

दुःखात कसे वागावे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. धीर धरावा, चारचौघांत रडू नये, देवाचे नाव घ्यावे. पण सुख समोर आले तर काय करावे? तुम्ही म्हणाल, ‘त्यात काय शिकायचंय? सुख काय, आपोआप होतंच की!’ होते खरे. पण ते आपल्यापाशी किती वेळ टिकते, हे कधी बघितले आहे का?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगमंचापेक्षा समोर बसलेल्या आयांकडे बघायला मला जास्त आवडते. मुलांचे नाच दरवर्षी तेच असतात, पण आयांचे चेहरे बघावेत! एखादी नुसती बघत राहते, टाळ्या वाजवायचेही भान तिला उरत नाही. शेजारची क्षणभर हसते आणि लगेच तिच्या कपाळावर आठी पडते. ‘पुढचं विसरणार तर नाही ना गं ही? आणि दुसऱ्या रांगेत का बरं उभं केलंय?’ तिसरीची लेक नाच संपल्यावर धावत येऊन गळ्यात पडते, तर ती पाठीवर एक थाप मारते न मारते तोच म्हणते, ‘बरं झालं हो. चल, तोंड धू, उशीर झालाय.’

माया तिघींचीही सारखीच. फरक आहे तो आनंद हाती आल्यावर त्याचे काय करायचे, यात.

वर्षाच्या बाळालाही कळते

हा फरक कोठून येतो, याचा माग मानसशास्त्रज्ञांनी थेट पाळण्यापर्यंत नेला आहे. आई आणि मूल यांच्यातील जिव्हाळ्याच्या बंधाचा विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बॉल्बी यांनी मांडला. या विषयावरील त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग १९६९ साली निघाला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये आफ्रिकेतील युगांडात घरोघर जाऊन आया आणि तान्ही मुले पाहिली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी एक साधासा प्रयोग केला.

साधारण वर्षाचे मूल आणि त्याची आई खेळणी मांडलेल्या खोलीत येतात. थोड्या वेळाने एक अनोळखी बाई येते. आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. सारे मिळून वीसेक मिनिटांचे काम. आई गेल्यावर मूल किती रडते हेच त्यात महत्त्वाचे असेल, असे आपल्याला वाटते. पण बाईंचे खरे लक्ष होते ते आई परत आल्यावर मूल काय करते याकडे.

काही मुले आईला बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळात रमली. हा निर्धास्त बंध. काही आईला घट्ट धरूनही रडतच राहिली, तिच्यावरच हात उगारू लागली. हा धास्तावलेला बंध. आणि काहींनी आई दारात दिसताच तोंड फिरवले, जणू काही झालेच नाही. हा अंतर राखणारा बंध.

विचार करा, आई परत आली हा त्या इवल्या जिवाच्या दृष्टीने केवढा आनंदाचा क्षण! पण तो कसा घ्यायचा, हे मूल वर्षभरात आपल्यापुरते शिकून बसलेले असते.

हीच मुले मोठी होतात, आईबाप होतात. १९८० च्या दशकात बर्कली येथील मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांनाच त्यांच्या बालपणाविषयी विचारले. ते कशा रीतीने सांगतात, याचा त्यांच्या मुलांशी जुळलेल्या बंधाशी मेळ बसतो, असे दिसून आले. विशेष म्हणजे बालपण सुखाचेच असायला हवे, असे नव्हते. जे सोसले ते ज्यांना सरळपणे, न लपवता, न चिडता सांगता आले, त्यांचीही मुले बहुधा निर्धास्त होती.

आनंदावर विरजण

फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ वेरॉफ यांनी २००७ साली सुखाचा आस्वाद घेण्यावर एक पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की संकटाला तोंड देणे हे जसे कसब आहे, तसेच सुखात रेंगाळणे हेही एक कसब आहे. कोणी आनंद घोळवून वाढवतात, तर कोणी आपणच त्यावर विरजण घालतात.

धास्तावलेली आई विरजण घालते ते ‘पण’ने. ‘आज गळ्यात पडतोय, पण मोठा झाल्यावर विचारील का?’ अंतर राखणारी आई घालते ते कामाने. मूल मांडीवर विसावले, की तिला गॅसवरचे दूध आठवते. माया उघड करणे हे तिला कुठेतरी अवघड वाटते, कारण लहानपणी तिला त्याची सवयच लागलेली नसते.

त्यात आपल्याकडे दृष्टीची भीती! ‘फार हसू नकोस, रडायची पाळी येईल,’ हे वाक्य न ऐकलेली मुलगी मराठी घरात सापडायची नाही. बाळाला तीट लावा, मीठमोहऱ्या खुशाल ओवाळा, त्यातही माया आहेच. पण दृष्ट लागेल म्हणून आपले हसूच आवरते घेऊ नका. कारण मूल तुमच्या तोंडाकडे बघत असते. चित्र दाखवताना आईच्या डोळ्यांत काही उमटलेच नाही, गुण सांगताना ‘बाकीचे कुठे गेले?’ हेच ऐकू आले, तर दुखले-खुपले सांगायला ते येईल. आनंद सांगायला हळूहळू येईनासे होईल.

मग करायचे काय?

‘म्हणजे पुन्हा सगळा दोष आईच्याच माथी!’ असे तुमच्या मनात आले असेल. तसे मुळीच नाही. हे शिक्के नव्हेत, सवयी आहेत. आणि एकाच बाईत तिन्हींची थोडीथोडी सरमिसळ असते. सवय बदलता येते, हीच यातली दिलाशाची गोष्ट.

कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जेसिका बोरेली यांनी आईबापांसाठी एक पद्धत तयार केली आहे. दुपारच्या चहाबरोबर पाच मिनिटांत ती करता येते. तुमच्या आणि मुलाच्या जवळिकीचा एकच लहानसा क्षण आठवा. मग ओळीने स्वतःला विचारा:

• तेव्हा काय दिसत होते, कसला वास होता, हाताला काय लागत होते?
• मनात आणि अंगात काय वाटले?
• आमच्या दोघांच्या नात्याविषयी हा क्षण काय सांगतो?
• पुढच्या दिवसांत यातले काय उपयोगी पडेल?

एवढे झाले, की मन जाईल तिकडे घटकाभर जाऊ द्या.

‘पण’ फार येत असेल, तर त्याच्याशी भांडू नका. ‘दोन मिनिटांनी ये’ म्हणावे आणि तोवर मुलाच्या चेहऱ्याकडे बघावे. कामाकडे धाव घ्यायची सवय असेल, तर एक नियम करा: मिठी मुलाने सोडेपर्यंत आपण सोडायची नाही. पहिले काही दिवस अवघडल्यासारखे होईल, होऊ द्या.

मात्र एक लक्षात ठेवा. दोन-दोन आठवडे कशातच आनंद वाटत नसेल, विशेषतः बाळंतपणानंतर, तर तो सवयीचा प्रश्न नव्हे, ते आजारपण असू शकते. तेथे आस्वादाचे उपाय करीत बसू नये. संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

बाकीच्यांनी आजपासूनच सुरुवात करावी. संध्याकाळी मूल काही दाखवायला धावत आले आणि तुमचे हात कणकेत असले, तर असू देत. हात बरबटलेले असले तरी डोळे मोकळे असतात. आधी नीट बघा, ‘अगंबाई, हे तू केलंस? कसं केलंस सांग बरं!’ म्हणा आणि सगळे ऐकून घ्या. पोळ्या दहा मिनिटे उशिरा झाल्या, तर कोणी उपाशी राहणार नाही.