कॅश रिकामी करणाऱ्यांची नोंद : लिनक्स कर्नलमधील एका ओळीचा मागोवा

जानेवारी २००६ मध्ये अँड्र्यू मॉर्टन यांनी लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राची मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर यांचा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एका छोट्या फाइलची भर घातली आणि मार्चमध्ये निघालेल्या २.६.१६ या आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या हाती आली. ‘ड्रॉप कॅशेस’ नावाच्या या फाइलीत मजकूर साठत नाही. तिच्यात लिहिलेला अंक कर्नल आज्ञा म्हणून वाचतो. १ लिहिल्यास पेज कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या मेमरीत राखून ठेवलेल्या प्रती, रिकामी होते. २ लिहिल्यास फाइलींची नावे ध्यानात ठेवणाऱ्या डेंट्री आणि त्यांचा तपशील बाळगणारे आयनोड यांसारख्या नोंदी टाकून दिल्या जातात. ३ लिहिल्यास दोन्ही कामे होतात. डिस्कवर अद्याप न उतरलेली पाने, म्हणजे मेमरीचे तुकडे, मात्र शाबूत राहतात, म्हणून आधी ‘सिंक’ ही आज्ञा देऊन ती उतरवून घ्यावी लागतात. दोन फाइलव्यवस्थांच्या वेगाची तुलना करताना प्रत्येक चाचणी सारख्याच स्थितीपासून सुरू व्हावी, या हेतूने केलेली ही तपासणीची सोय असल्याचे मॉर्टन यांनी तेव्हाच नमूद केले होते. तिचा कोड तीनशे बाइटांहून कमी भरत असल्यामुळे कर्नल बांधताना ती वगळण्याचा पर्याय ठेवला गेला नाही, आणि पुढच्या वादाचे मूळ बहुधा याच निर्णयात शोधावे लागते, कारण प्रयोगशाळेपुरते असलेले हत्यार त्यामुळे रूट, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकार असलेल्या प्रत्येक प्रशासकाच्या हाताशी आले.

ते वापरण्याचा मोह का पडावा, याचे उत्तर मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या आज्ञेच्या तक्त्यात होते. रिकामी पडलेली मेमरी कोणाच्याच उपयोगाची नसते, या तत्त्वावर लिनक्स उरलेली बहुतेक जागा पेज कॅशला देतो आणि एखाद्या प्रोग्रामला गरज भासताच ती परत घेतो. परंतु तक्त्यातल्या पहिल्या ओळीत मोकळ्या मेमरीचा आकडा सतत आटलेला दिसत असल्याने यंत्र गुदमरले आहे, असा समज होई. त्यातून ठरावीक वेळी आपोआप काम करणाऱ्या ‘क्रॉन’मध्ये दर तासाला ३ लिहिण्याची व्यवस्था करून ठेवण्याची रीत पसरली. मोकळा आकडा फुगलेला पाहून समाधान मिळे, पण टाकलेली पाने पुन्हा डिस्कवरून वाचताना आणि डेंट्री व आयनोड नव्याने उभारताना यंत्र मंदावे, आणि त्या मंदपणाची तक्रार शेवटी कर्नलच्या विकसकांपुढे येऊन पडे. तक्रारीत हाताने केलेल्या सफाईचा उल्लेख क्वचितच असे. उलट, कर्नल स्वतः कॅश वेळेवर आकसत नसेल तर तो खरा दोष. तासातासाच्या सफाईने तो दुरुस्त न होता केवळ झाकला जाई.

सप्टेंबर २०१० मध्ये डेव्ह हॅन्सन यांनी यावर उपाय सुचवला: कोणी ही फाइल वापरली की कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, एक ओळ उमटावी आणि दस्तऐवजात इशारा जोडावा. कोसाकी मोतोहिरो यांना अतिरेकी नोंदींची शंका वाटली. २०१२ मध्ये मिखाल होको यांनी प्रस्ताव पुन्हा मांडला तेव्हा त्यांनी हीच शंका उलटवली: कोणी इतक्या वारंवार सफाई करत असेल, तर यंत्राची देखभाल करणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे, शिवाय फाइलीत लिहिण्याचा अधिकार केवळ रूटला असल्याने नोंदींचा पूर मुद्दाम आणण्याचा धोकाही नाही. विरोधाची बाजूही पोकळ नव्हती. मेमरीतील सारी स्थिती डिस्कवर उतरवून यंत्र बंद करणाऱ्या हायबरनेशनपूर्वी प्रतिमा लहान राहावी म्हणून कॅश सोडणारे जाणकार होते, आणि ज्यांचा वापर योग्य आहे त्यांनाही गुन्हेगारासारखी नोंद का सोसावी लागावी, हा प्रश्न रास्त होता.

अखेर २०१४ च्या वसंतात बदल स्वीकारला गेला आणि जूनमधील ३.१५ या आवृत्तीत आला. त्याच्या निवेदनात या ओळीचा हेतू गैरवापर करणाऱ्यांचा माग काढणे हा असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. माग मात्र उथळच लागतो. ओळीत प्रक्रियेचे नाव, तिचा क्रमांक आणि लिहिलेला अंक एवढेच असते. आज्ञा टाइप करण्याच्या शेलमधून आज्ञा दिली तर ‘बॅश’, रूटचा अधिकार तात्पुरता देणाऱ्या ‘सुडो’मार्फत ‘टी’ या आज्ञेने अंक लिहिला तर ‘टी’, असे नाव उमटते, आणि आज्ञा देणारा माणूस कोण हे त्यावरून उलगडत नाही. त्या मानाने मेमरीची आकडेवारी देणाऱ्या ‘व्हीएमस्टॅट’मध्ये त्याच वेळी घातलेले दोन गणक अधिक कामाचे ठरावेत, कारण यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळा सफाई झाली हे ते निमूटपणे मोजत राहतात. या नोंदीबद्दल तक्रार करणाऱ्यांची समजूत घालण्यासाठी अंक ४ राखला गेला: तो लिहिला की पुढच्या ओळी थांबतात आणि यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत त्या परत चालू करता येत नाहीत. कोडमध्ये या मौनाची खूण ठेवणाऱ्या चलाला विकसकांनी शिवराळ आद्याक्षरी नाव दिले आहे, त्यावरून वादाचा सूर कळतो. गंमत अशी की छपाई आधी आणि मौन नंतर, असा क्रम असल्याने ४ लिहिण्याची कृतीही एकदा लॉगमध्ये उमटतेच.

तासातासाला सफाई करण्याच्या सवयीच्या मुळावर खरा घाव मात्र या ओळीने घातलेला नाही. रिक व्हॅन रील यांनी ३.१४ मध्ये ‘मेमअव्हेलेबल’ हा आकडा आणला, जो कॅशमधून परत मिळू शकणारी जागा धरून नव्या प्रोग्रामला प्रत्यक्षात किती मेमरी देता येईल याचा अंदाज सांगतो. तो ‘फ्री’च्या तक्त्यात स्वतंत्र रकान्यात दिसू लागल्यावर घाबरण्याचे कारणच ओसरले.

तरी गैरसमज संपले नाहीत. फाइल वाचली असता शेवटचा अंक परत दिसे आणि त्यामुळे ती टिकाऊ सेटिंग असल्याचा भास होई. हजारो यंत्रांवर एकाच वेळी अडचण आली असता, ३ लिहिल्याने कर्नल कायमचा कॅशविना चालू लागेल काय, असा संभ्रम ऐन धावपळीत निर्माण झाल्याचे सांगून योहानेस वाइनर यांनी २०१९ मध्ये ही फाइल केवळ लिहिण्यापुरती केली.

नंतर, २०२२ मधील ५.१९ या आवृत्तीत प्रक्रियांच्या एखाद्या गटापुरती मेमरी परत घेण्यासाठी ‘मेमरी रिक्लेम’ ही वेगळी फाइल आली. तिच्यात किती बाइट हवेत हे सांगावे लागते, आणि तेवढे मिळाले नाहीत तर लिहिणाऱ्याला त्रुटीचा संकेत मिळतो. लॉगमध्ये ती काहीच लिहीत नाही.