दुर्गाबाई खोटे

नाटकातील राणीचे काम स्त्रीने करावे, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. रहाटणी, पिंपरी, चिंचवड या परिसरातील मुले चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाटक पाहावयास जातात, तेव्हा रंगभूमीवरील आई ही खरोखरच स्त्री असते आणि मुलगी ही मुलगीच असते. परंतु शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. त्या काळी स्त्रियांच्या बहुतेक भूमिका पुरुषच करीत असत. चांगल्या घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावून लोकांपुढे उभे राहणे हे कमीपणाचे मानले जाई. ही समजूत ज्यांनी आपल्या कर्तृत्वाने बदलविली, त्यांत दुर्गाबाई खोटे यांचे नाव अग्रभागी आहे.

ही समजूत केवळ आपल्याकडेच होती असे नव्हे. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या काळी त्याच्या नाटकांतील नायिका कोवळ्या आवाजाची मुले रंगवीत असत. तेथील व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांनी पाऊल ठेवले ते १६६० साली. महाराष्ट्रात बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका इतक्या सुंदर वठविल्या की, घरोघरच्या स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे आणि दागिन्यांचे अनुकरण करू लागल्या. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना. अखेर अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून तारामती म्हणून उभे करावे लागले. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामे केली. वाट उघडली खरी. परंतु त्या वाटेने चालण्यास पुष्कळ धैर्य लागत होते.

अशा काळात १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईतील लाड कुटुंबात दुर्गाबाईंचा जन्म झाला. हे घराणे मूळचे गोव्याकडील. घरात कोंकणी बोलली जाई. घर सुखवस्तू होते आणि विचाराने सुधारलेले होते. ज्या काळी बहुतेक मुलींची पाटी चार इयत्तांनंतर सुटत असे, त्या काळी दुर्गाबाई इंग्रजी शाळेत शिकल्या आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातही गेल्या. लहान वयातच खोटे घराण्यात त्यांचा विवाह झाला. सासरही मोठे आणि श्रीमंत होते. बकुल आणि हरीन असे दोन मुलगे झाले. संसार सुखाने चालला होता.

परंतु दिवस सदा सारखे राहत नाहीत. व्यापारात मोठी खोट आली आणि सासरचे वैभव पाहता पाहता लयाला गेले. दोन लहान मुलांचे पालनपोषण कसे करावे, हा प्रश्न दुर्गाबाईंपुढे उभा राहिला. माहेरचा आधार होता. परंतु दुसऱ्याच्या आधारावर जन्म काढावा, हे त्यांच्या मनाला पटेना. शिकलेल्या स्त्रीने आपल्या पायांवर उभे राहावे, असे त्यांना वाटे. त्यांनी प्रथम शिकवण्या केल्या. त्यातून मिळणारे पैसे फार थोडे होते.

याच सुमारास चित्रपट बोलू लागले होते. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला. मूकपटात नुसता चेहरा चालत असे. बोलपटाला शुद्ध वाणी हवी होती, गाता गळा हवा होता. सुशिक्षित नटींची गरज भासू लागली. त्याच वर्षी मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात दुर्गाबाईंना एक लहानशी भूमिका मिळाली. पैशांची गरज होती, म्हणून त्यांनी ती स्वीकारली. चित्रपट मात्र सामान्य निघाला. लोकांनी चित्रपटाला नावे ठेवली आणि दुर्गाबाईंनाही ठेवली. थोर घराण्याची सून असे काम करते, म्हणून माहेर आणि सासर या दोन्ही घरांना बोल लागला. हे बोलणे ऐकून एखादी स्त्री कायमची घरात बसली असती.

परंतु त्या चित्रपटातील त्यांचे अल्पसे काम एका जाणत्या माणसाच्या नजरेत भरले होते. ते म्हणजे व्ही. शांताराम. शांताराम आणि त्यांचे सहकारी यांनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढण्याचे त्यांनी ठरविले आणि त्यातील तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंना बोलावले. एकदा पोळलेल्या माणसाने पुन्हा विस्तवाजवळ जावे की न जावे? दुर्गाबाईंनी जावयाचे ठरविले. कथा सत्त्वशील होती आणि मंडळी कामाची होती.

त्या काळी बोलपट तयार करणे किती कठीण होते, याची आज कल्पना येणार नाही. आज गाणे अगोदर ध्वनिमुद्रित करतात आणि नट केवळ ओठ हालवितो. ही पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ साली सुरू झाली. त्यापूर्वी नटाला कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करता स्वतःच गावे लागे. वाजविणारी मंडळी चित्रात दिसणार नाहीत अशा बेताने जवळच बसत. मध्येच कोणी खोकला, एखादी वस्तू पडली, किंवा गाणाऱ्याचा सूर किंचित ढळला, की सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. त्यातून ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. म्हणजे प्रत्येक प्रसंग एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत करावयाचा. हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित संगीतकार होते. त्यांच्यासमोर गाणे ही सोपी गोष्ट नव्हती. दुर्गाबाईंनी अपार मेहनत घेतली.

१९३२ च्या फेब्रुवारीत हा चित्रपट झळकला. दिलेल्या वचनासाठी राज्य सोडणारा राजा, दासी म्हणून विकली गेलेली राणी आणि पुत्राचे प्रेत घेऊन स्मशानात आलेली माता. ही कथा लोकांना पाठ होती. परंतु यावेळी तारामतीचा शोक एका खऱ्या मातेच्या कंठातून आला. प्रेक्षकांचे डोळे पाणावले. ज्या तारामतीसाठी एकोणीस वर्षांपूर्वी स्त्री मिळाली नव्हती, तीच तारामती एका सुशिक्षित घरंदाज स्त्रीने अजरामर केली. काल नावे ठेवणारे लोक आज कौतुक करू लागले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही, की या उदाहरणामुळे चांगल्या घरांतील इतर मुलींनाही या क्षेत्राची दारे खुली वाटू लागली.

यानंतर दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ या चित्रपटात त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. पाळीव चित्ता जवळ बाळगणारी ती राणी लोकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली. पुढे त्या कलकत्त्यास गेल्या आणि देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘राजरानी मीरा’ व ‘सीता’ या चित्रपटांत कामे केली. ‘सीता’ हा चित्रपट इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापुरातून पुण्यास आली होती. तेथे १९३६ साली तयार झालेल्या ‘अमर ज्योती’ या चित्रपटात दुर्गाबाई सौदामिनी झाल्या. स्वतःच्या मुलावर आईचा हक्क नाही, असे ऐकल्यावर पेटून उठलेली आणि समुद्रावर सत्ता गाजविणारी ही स्त्री त्यांनी मोठ्या तेजाने उभी केली. प्रभातच्या त्या जागेवर १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली.

दुर्गाबाईंनी आणखी एक नवी प्रथा पाडली. त्या काळी नट-नटी एकाच कंपनीत मासिक पगारावर राहत आणि कंपनी सांगेल ते काम करीत. दुर्गाबाईंनी असे बांधून घेणे नाकारले. जी भूमिका पटेल, ती ज्या कंपनीत मिळेल तेथे जाऊन करावयाची, असा त्यांचा बाणा होता. आज सर्वच कलावंत असे काम करतात. परंतु त्या वेळी एका स्त्रीने असा निर्णय घेणे हे स्वाभिमानाचे लक्षण होते. १९४१ सालच्या ‘पायाची दासी’मध्ये त्यांनी छळ करणारी सासू केली, तर १९४२ सालच्या ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी केली. आपण नेहमी सद्गुणी नायिकाच दिसावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. भूमिका चांगली की वाईट, यापेक्षा ती खरी वाटते की नाही, याकडे त्यांचे लक्ष असे.

बहुतेक कलावंत रंगभूमीवर घडतात आणि मग चित्रपटाकडे वळतात. आयर्लंड देशातील सारा ऑलगुड या अभिनेत्रीचे उदाहरण घ्या. डब्लिन शहरातील ॲबी नाट्यगृह १९०४ साली सुरू झाले, तेव्हापासून ती तेथे चमकू लागली. १९२४ साली तिने एका नाटकात कष्टाळू आईची भूमिका गाजविली आणि १९३० साली तीच भूमिका चित्रपटात केली. दुर्गाबाईंचा प्रवास याच्या उलट झाला. चित्रपटात कीर्ती मिळविल्यानंतर त्या मराठी रंगभूमीकडे आल्या. चित्रपटात चुकलेला प्रसंग पुन्हा घेता येतो. रंगभूमीवर तशी सवलत नाही. तेथे प्रेक्षक समोर बसलेला असतो आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. नाव झालेल्या कलावंताने ही नवी परीक्षा आपण होऊन द्यावी, हे विशेष होय.

बोलपटांच्या लाटेमुळे मराठी नाटक मंडळ्या त्या काळी एकामागून एक बंद पडत होत्या. रंगभूमीला पुन्हा उभारी देण्याचे काम मुंबई मराठी साहित्य संघाने हाती घेतले होते. संघाच्या नाटकांत दुर्गाबाई आनंदाने सामील झाल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ या नाटकातील आनंदीबाई ही त्यांची विशेष गाजलेली भूमिका. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, असे लोक सांगत आले आहेत. अशा महत्त्वाकांक्षी स्त्रीचे मन दुर्गाबाईंनी रंगभूमीवर उलगडून दाखविले. वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’ या नाटकातही त्यांनी काम केले. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वय वाढले तशा दुर्गाबाई आईच्या भूमिकांकडे वळल्या. १९६० साली प्रदर्शित झालेल्या ‘मुगल-ए-आझम’ या चित्रपटात त्यांनी अकबर बादशहाची राणी जोधाबाई केली. एका बाजूला पती, दुसऱ्या बाजूला पुत्र आणि दोघांत युद्ध; अशा वेळी आईने कोणाच्या विजयाची प्रार्थना करावी? ही व्यथा त्यांनी थोड्या शब्दांत आणि केवळ मुद्रेने व्यक्त केली. खऱ्या आयुष्यातही आईचे दुःख त्यांना चुकले नाही. मुलगा हरीन अकाली मृत्यू पावला. त्याच्या पत्नी विजया यांनी पुढे विजया मेहता या नावाने थोर नाट्यदिग्दर्शिका म्हणून लौकिक मिळविला.

एवढे दुःख सोसूनही दुर्गाबाईंनी काम सोडले नाही. सुमारे दोनशे चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. स्वतःची निर्मितीसंस्था काढून लघुपट तयार केले. दूरदर्शन घरोघर पोहोचले, तेव्हा त्यांच्या संस्थेने ‘वागळे की दुनिया’ ही लोकप्रिय मालिका सादर केली. १९६८ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही लाभला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा गौरव पडद्यावरील तारामतीला मिळावा, हा योग किती सुंदर! ‘मी दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली जीवनकथा मराठीत लिहून ठेवली आहे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ साली भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली, तेव्हा टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

दुर्गाबाईंना घराण्याचे वैभव मिळाले होते, ते गेले. रूप मिळाले होते, तेही वयाबरोबर ओसरले. परंतु कष्टाने कमावलेली कला शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिली. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते. ते आपण कसे करतो, यावरून त्याची प्रतिष्ठा ठरते. दुर्गाबाईंनी हे कोणाला भाषण करून सांगितले नाही. लोकनिंदा मुकाट्याने सोसून, हाती घेतलेले काम उत्तम करून त्यांनी ते दाखवून दिले. आज एखादी मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात निःसंकोचपणे रंगभूमीवर उभी राहते आणि तिचे आईवडील समोर बसून अभिमानाने टाळ्या वाजवितात, त्यामागे दुर्गाबाईंसारख्या स्त्रियांचे धैर्य आहे.